बालकांतील न्यूरोब्लास्टोमा : दात्याच्या मूळपेशींची भूमिका

रक्ताच्या कर्करोगावर दात्याच्या मूळपेशींचे, म्हणजेच स्टेम सेलचे, प्रत्यारोपण ही आता रुळलेली उपचारपद्धती आहे. दात्याच्या रोगप्रतिकारक पेशी रुग्णाच्या शरीरात उरलेल्या कर्करोगपेशींना परके समजून नष्ट करतात, हे तिचे बळ. मुलांमधील गाठींच्या कर्करोगांत मात्र हा हिशेब इतका सरळ लागत नाही. न्यूरोब्लास्टोमा हे त्याचे ठळक उदाहरण आहे.

अपरिपक्व चेतापेशींपासून उद्भवणारा हा कर्करोग बहुधा मूत्रपिंडावरील अधिवृक्क ग्रंथीत सुरू होतो आणि प्रामुख्याने पाच वर्षांखालील मुलांना होतो. अधिक जोखमीच्या रुग्णांतही प्रत्यारोपण केले जाते. पण तेथे मुलाच्याच, आधी काढून ठेवलेल्या मूळपेशी परत दिल्या जातात. तीव्र केमोथेरपीने खचलेली अस्थिमज्जा सावरावी, एवढेच त्यांचे काम. नाव एकच असल्याने पालकांचा गोंधळ उडणे स्वाभाविक आहे.

आजार उलटल्यास दात्याच्या पेशींचा विचार होऊ शकतो. अडचण अशी, की न्यूरोब्लास्टोमाच्या पेशींवर ‘एचएलए’ हे ओळख पटविणारे रेणू फार थोडे असतात. टी पेशी या रेणूंच्या आधारेच शत्रू हेरतात, त्यामुळे त्यांना तो दिसत नाही. नैसर्गिक मारक पेशी, अर्थात एनके पेशी, नेमक्या उलट वागतात; ओळखपत्र नसलेल्या पेशीवरच त्यांचा संशय जातो. म्हणूनच आई किंवा वडिलांकडून निम्म्या जुळणीच्या मूळपेशी घेण्याची कल्पना पुढे आली. दात्याच्या टी पेशी मुलाच्या त्वचा, यकृत व आतड्यांवर हल्ला करू शकतात. तो टाळण्यासाठी त्या बहुतांशी आधीच वेगळ्या काढल्या जातात.

नव्या एनके पेशींना दिशा देण्याचे काम प्रतिपिंड करतात. न्यूरोब्लास्टोमाच्या पेशींवर जीडी२ हा घटक विपुल असतो. डिन्युटुक्सिमॅब बीटा हे प्रतिपिंड त्याला चिकटते आणि एनके पेशी तेथे ओढल्या जातात. जीडी२ वेदनावाहक चेतातंतूंवरही असल्याने उपचारादरम्यान तीव्र वेदना होतात. अनेकदा मॉर्फिन द्यावे लागते. लहान मुलांच्या बाबतीत ही किंमत किरकोळ म्हणता येणार नाही.

जर्मनीतील ट्युबिंगेन येथील डॉक्टरांच्या पुढाकाराने झालेल्या बहुकेंद्री चाचणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये ‘जर्नल ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजी’त प्रसिद्ध झाले. आजार उलटलेल्या ६८ रुग्णांना निम्म्या जुळणीच्या प्रत्यारोपणानंतर हे प्रतिपिंड आणि अल्प मात्रेत इंटरल्यूकिन-२ देण्यात आले. पाच वर्षांनंतर सुमारे ५३ टक्के रुग्ण हयात होते, तर ४३ टक्के रुग्णांत आजार पुन्हा बळावला नव्हता. एरवी अशा मुलांपुढे फारसे पर्याय नसतात, म्हणून हे आकडे लक्षवेधी ठरतात. तथापि चाचणीत तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. श्रेय प्रत्यारोपणाचे किती आणि प्रतिपिंडाचे किती, हे त्यातून वेगळे काढता येत नाही. प्रतिपिंड सुरू करण्यापूर्वीच ज्यांचा आजार आटोक्यात आला होता, त्यांना लाभ अधिक झाला. आजार वाढतच असलेल्या मुलांत तो तुटपुंजा राहिला.