रस्ता कोणाचा? ग्रीनिच व्हिलेजचे रहिवासी आणि अभिमानाची मिरवणूक

सहा डिसेंबर जवळ आला की वर्तमानपत्रांच्या पत्रव्यवहारात एक ठरावीक सूर ऐकू येऊ लागतो. शिवाजी पार्कच्या परिसरात लाखो माणसे येतात, रस्ते बंद होतात, कचरा साचतो, दुर्गंधी सुटते. महापालिकेने काहीतरी करावे. पत्रलेखक बहुधा आरंभीच सांगून टाकतो की, आमचा बाबासाहेबांना विरोध नाही. मग 'परंतु' येतो. हा 'परंतु' मला लहानपणापासून ओळखीचा आहे. मी पाचवीत असताना आमच्या तालुक्याच्या गावी चौदा एप्रिलची मिरवणूक पेठेतून नेण्यास मनाई झाली. कारण दिले गेले वाहतुकीच्या अडथळ्याचे. त्याच पेठेतून गणपतीचे विसर्जन मध्यरात्रीपर्यंत चालत असे. माझे वडील बाजार समितीत हमाली करीत. चार जाणत्या माणसांबरोबर ते अर्ज घेऊन गेले आणि परत आले. मिरवणूक गावाबाहेरच्या रस्त्याने गेली. त्या दिवशी मला एवढे कळले की, रस्ता सरकारी असतो, पण तो सर्वांचा असतोच असे नाही.

गेल्या वर्षी तृतीय वर्षाच्या वर्गात अमेरिकेचा इतिहास शिकवीत होतो. नागरी हक्कांच्या लढ्यामागून समलिंगी माणसांच्या चळवळीचा उल्लेख ओघाने आला. तास संपला, वर्ग रिकामा झाला, तेव्हा मागच्या बाकावरचा एक विद्यार्थी जवळ आला आणि म्हणाला, "सर, ते लोक दरवर्षी मिरवणूक काढतात, तर तिथं राहणाऱ्यांना ते चालतं का?" मी म्हणालो, "चालतं, आणि चालतही नाही." उत्तर अर्धवट होते. ते पूर्ण करावे म्हणून हा लेखनप्रपंच.

ही मिरवणूक जिथे जन्मली ते न्यूयॉर्कमधील ग्रीनिच व्हिलेज आज अत्यंत महागडे आहे. परंतु तेथील आजचे रहिवासी तेथील मूळचे रहिवासी नव्हेत. सतराव्या शतकात डच वसाहतवाल्यांनी अर्धवट मुक्त केलेल्या आफ्रिकी गुलामांना याच भागात जमिनी दिल्या होत्या. त्यांच्या मुलांना मात्र पूर्ण स्वातंत्र्य दिले नव्हते. पुढे एकोणिसाव्या शतकात येथे 'लिटल आफ्रिका' म्हणून ओळखली जाणारी काळ्यांची वस्ती होती. ती उत्तरेकडे ढकलली गेली. इटालियन कष्टकरी आले, गोदीवर काम करणारे आयरिश आले, मग लेखक आणि चित्रकार आले आणि त्यांच्या आडोशाने समलिंगी माणसे आली. रहिवासी हा शब्द उच्चारताना हा क्रम ध्यानात ठेवला पाहिजे. जो आधी आला त्याला हुसकावून जो नंतर आला, तोच पुढे 'आमचा मोहल्ला' म्हणू लागतो.

२८ जून १९६९ च्या पहाटे ख्रिस्तोफर स्ट्रीटवरील स्टोनवॉल इन या दारूच्या गुत्त्यावर पोलिसांची धाड पडली. गुत्ता गुंडांच्या टोळीच्या मालकीचा होता. धाडी आणि हप्ते नित्याचे होते. त्या रात्री मात्र गिऱ्हाईक मुकाट्याने पांगले नाही. समोरच्या चिमुकल्या बागेत रात्र काढणारी, घरातून हाकललेली पोरे, स्त्रीवेशातील पुरुष, गोरे, काळे, पोर्तोरिकन असे सारे पोलिसांसमोर उभे राहिले. पुढच्या काही रात्री दंगल चालू राहिली. तेथून काही शे पावलांवर स्त्रियांचा तुरुंग होता. एप्रिल १९६९ मध्ये पकडलेल्या ब्लॅक पँथर पक्षाच्या अफेनी शकूर आणि जोन बर्ड त्या वेळी त्याच तुरुंगात होत्या. या तुरुंगाविषयीही रहिवाशांची तक्रार होती. कैदी स्त्रियांची आप्तमंडळी रस्त्यावर उभी राहून वरच्या खिडक्यांकडे पाहून ओरडून बोलतात, त्याचा त्रास होतो, अशी ती तक्रार. भेटीची दुसरी सोय नसलेला माणूस ओरडणार नाही तर काय करणार? १९७१ मध्ये तो तुरुंग बंद झाला, पुढे पाडला गेला आणि त्या जागी रहिवाशांनी सुंदर बाग केली. बाग चांगलीच आहे. पण त्या स्त्रियांचा तुरुंगवास संपला नाही; तो फक्त रहिवाशांच्या नजरेआड झाला.

दंगलीच्या पहिल्या स्मृतिदिनी, २८ जून १९७० रोजी, काही हजार माणसे व्हिलेजमधून निघून सहाव्या ॲव्हेन्यूने सेंट्रल पार्कपर्यंत चालत गेली. दरवर्षीच्या मिरवणुकीचा हा आरंभ. पुढे मिरवणुकीची दिशा उलटली. ती शहराच्या मध्यभागातून निघून व्हिलेजमध्ये येऊ लागली, आणि सारा लोंढा अरुंद गल्ल्यांत येऊन थांबू लागला. तेव्हापासून रहिवाशांच्या मनाची द्विधा स्थिती सुरू झाली असे म्हणता येईल. हॉटेलवाल्याला जूनचा शेवटचा रविवार वर्षाची कमाई देतो. वरच्या मजल्यावरील म्हाताऱ्याला त्या दिवशी औषध आणायला खाली उतरता येत नाही. ही अडचण खोटी नाही. तिची टिंगल करण्याचे कारण नाही.

पण कोणत्या अडचणीला किती वजन द्यायचे हे कोण ठरवतो, हा खरा प्रश्न आहे. एक उदाहरण बोलके आहे. स्टोनवॉलच्या दहाव्या वर्षी, १९७९ मध्ये, जॉर्ज सीगल या शिल्पकाराकडे समोरच्या बागेसाठी एक शिल्प सोपविण्यात आले. उभे असलेले दोन पुरुष, बाकावर बसलेल्या दोन स्त्रिया, बस्स. जाहीर सभांतून विरोध झाला. कोणी म्हणाले, बाग लहान आहे. कोणी म्हणाले, बाहेरची गर्दी वाढेल. आणि विरोध केवळ इतरांचाच नव्हता. काही समलिंगी माणसांनीही विचारले, चारही आकृत्या गोऱ्याच का? जी काळी आणि पोर्तोरिकन पोरे त्या रात्री लढली ती कुठे आहेत? शिल्प १९९२ साली बागेत बसले. तेरा वर्षे लागली. पुतळ्याच्या जागेसाठी वर्षानुवर्षे अर्ज करणाऱ्या आपल्या वस्त्यांना हा हिशोब समजावून सांगावा लागणार नाही.

मधल्या काळात एड्स आला. व्हिलेजमधील सेंट व्हिन्सेंट या कॅथलिक रुग्णालयात १९८४ मध्ये या रोगासाठी स्वतंत्र कक्ष सुरू झाला. शेजारची तरुण माणसे दर आठवड्याला मरू लागली. ज्या घरांनी मिरवणुकीकडे पाठ फिरवली होती त्यांतील कित्येकांनी या काळात शेजाऱ्याचे अंथरूण साफ केले. कित्येकांनी दार उघडले नाही. दोन्ही खरे आहे. रुग्णालय २०१० मध्ये बंद पडले. त्या जागी श्रीमंतांची घरे उभी राहिली.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. ख्रिस्तोफर स्ट्रीट जिथे हडसन नदीला मिळतो तिथे जुने धक्के आहेत. मालवाहतूक न्यू जर्सीकडे गेल्यावर ते ओस पडले, आणि घरच्यांनी टाकलेल्या काळ्या व लॅटिन समलिंगी आणि तृतीयपंथी मुलांनी ते आपलेसे केले. २००३ मध्ये तेथे देखणे उद्यान झाले. रात्री एकला फाटक बंद होऊ लागले. फाटक बंद झाले की सारी मुले एकदमच ख्रिस्तोफर स्ट्रीटवर येत. रहिवाशांच्या तक्रारी वाढल्या : गोंगाट, लघवी, गांजा. उद्यान आणखी लवकर बंद करा, अशी मागणी झाली. 'फिअर्स' नावाच्या, २००० मध्ये स्थापन झालेल्या या मुलांच्याच संघटनेने सभांतून तिला विरोध केला आणि रात्री एकची वेळ टिकवली. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, तक्रार करणाऱ्यांत गोरे, घरमालक झालेले समलिंगीही होते. मिरवणुकीच्या दिवशी ज्यांच्या खिडकीत इंद्रधनुषी झेंडा फडके, त्यांतल्या काहींना उरलेले तीनशे चौसष्ट दिवस ती मुले नकोशी होती. २००३ च्या मे महिन्यात याच धक्क्यांवरून घरी परतणारी पंधरा वर्षांची एक काळी मुलगी शेजारच्या नेवार्क शहरात भोसकली गेली. लगट करणाऱ्या पुरुषांना आम्ही समलिंगी आहोत असे सांगितले, एवढाच तिचा अपराध. तिच्यासाठी तो रस्ता ही चैन नव्हती.

हे दुभंगणे जुनेच आहे. १९७३ च्या मिरवणुकीनंतरच्या सभेत सिल्व्हिया रिव्हेरा ही तृतीयपंथी कार्यकर्ती तुरुंगातल्या आपल्या माणसांविषयी बोलायला उभी राहिली, तेव्हा तिच्याच चळवळीच्या गर्दीने तिची हुर्यो उडवली. पोलीस आयुक्तांनी १९६९ च्या धाडीबद्दल २०१९ मध्ये माफी मागितली. २०१६ मध्ये स्टोनवॉल राष्ट्रीय स्मारक झाले. आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये त्या स्मारकाच्या सरकारी माहितीतून तृतीयपंथीयांचा उल्लेखच पुसला गेला. स्मारक राहते, त्यातून माणसे मात्र गाळली जातात. ही रीत आपल्याला अपरिचित नाही.

इथवर वाचून आपल्यापैकी कोणी समाधानाने मान हलवील, की बघा, प्रस्थापित सगळीकडे सारखेच. मला तिथेच थांबायचे नाही. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती अमेरिकेतील ब्लॅक पँथरचे नाव घेऊन. त्या पक्षाच्या ह्यूई न्यूटनने ऑगस्ट १९७० मध्ये आपल्या सहकाऱ्यांना बजावले होते की, समलिंगी माणसे ही दडपलेलीच माणसे आहेत, त्यांच्याविषयीच्या शिव्या आपल्या भाषेतून काढा, आणि त्यांच्यावर हात उगारावासा वाटतो तो आपल्याच मनातल्या भीतीपोटी. आपण नाव घेतले; हे पान मात्र वाचले नाही. पँथरच्या १९७३ च्या जाहीरनाम्याने दलित या शब्दात राजकीय, आर्थिक आणि धर्माच्या नावाने पिळल्या जाणाऱ्या सर्वांना घेतले होते. त्या 'सर्व' मध्ये कोण कोण येते हे आपण पुढे तपासले काय?

आमच्या वस्तीत एक मुलगा होता. चालायचा वेगळा, बोलायचा वेगळा. त्याला आम्ही जे नाव ठेवले होते ते येथे लिहिण्याची मला लाज वाटते. भीमजयंतीच्या मिरवणुकीत तो सुंदर नाचायचा. तेवढा दिवस तो चालायचा. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा तेच. मीही हसणाऱ्यांत होतो. बारावीनंतर तो शहराकडे निघून गेला. कुठे गेला हे त्याच्या आईखेरीज कोणी विचारले नाही. पेठेने आमच्याशी जे केले तेच आम्ही त्याच्याशी केले. फरक एवढाच की, पेठेने आमच्याविरुद्ध अर्ज दिला, आम्हाला अर्जाचीही गरज भासली नाही.

१९३४ मध्ये र. धों. कर्व्यांवर 'समाजस्वास्थ्य' मासिकाबद्दल अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा त्यांची बाजू न्यायालयात बाबासाहेबांनी मांडली. वाचकांच्या लैंगिक शंकांना, त्यांत समलिंगी संबंधांविषयीच्याही, दिलेली उत्तरे हे त्या खटल्याचे कारण होते. कर्व्यांना दंड झाला. वकिलाने अशील निवडताना 'आपला' आणि 'परका' पाहिला नव्हता. पुढे ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी संवैधानिक नैतिकतेचा विचार मांडला. त्याच विचाराचा आधार दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी घेतला, आणि प्रौढांचे परस्परसंमतीचे समलिंगी संबंध गुन्हा राहिले नाहीत. बहुसंख्य रहिवाशांना काय रुचते यावर माणसाचे हक्क ठरत नाहीत, हा त्याचा सरळ अर्थ आहे. दादरच्या पत्रलेखकाला आपण हेच सांगतो. मग तेच वाक्य आपल्या गल्लीतही बोलले पाहिजे.

त्या विद्यार्थ्याने प्रश्न विचारला तो वर्ग रिकामा झाल्यावर, दाराकडे पाहत. का, हे मी विचारले नाही. विचारण्याचा मला अधिकारही नाही. पण उद्या तो नोकरीला लागून आपल्या वस्तीत भाड्याची खोली शोधू लागला, तर ती त्याला मिळेल काय? शहरांतील उच्चवर्णीय घरमालक आडनाव विचारून आपल्याला दारातून परत पाठवतात, हे आपण वारंवार लिहिले आहे. आता आपल्या स्वतःच्या दारासमोर उभे राहून थोडे लिहू या.