सातचा भोंगा

गंगापूर रोडवर आकाशवाणीचा टॉवर आहे. रिक्षावाल्याला तेवढी खूण सांगितली की पुरते. माझ्या लहानपणी मात्र आकाशवाणी म्हणजे अब्बांचा ट्रान्झिस्टर. सकाळ, दुपार आणि संध्याकाळ अशा तीन सभा. रात्री निवेदक सभा संपल्याचं सांगायचे, मागं उरायची नुसती खरखर. अब्बा बटण फिरवायचे आणि आम्ही अंथरुणावर पडायचो.

मग दूरचित्रवाणी आली. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं. आमच्या मोहल्ल्यात सेट यायला पुढं बरीच वर्षं गेली. २५ जानेवारी १९८७ पासून रविवारी सकाळी ‘रामायण’ लागू लागलं, तेव्हा शेजारच्या काकूंच्या दारात चपलांचा ढीग पडायचा. त्यात आम्हा भावंडांच्याही असायच्या. भाग संपला की काकू सेटवर विणलेला रुमाल टाकायच्या. ‘डोळे जातील’ म्हणून मोठी माणसं तेव्हाही ओरडायचीच. पण त्यांना एका गोष्टीचा आधार होता. कार्यक्रम संपायचा!

हातातल्या पडद्याला मात्र शेवटच नाही. एक चित्रफीत संपते न संपते तोच दुसरी आपोआप सुरू होते. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि शाळाच मोबाइलमध्ये आली. पहिलीतल्या नातवाच्या हाती फोन मीच दिला. शाळा पुन्हा उघडल्या, पण फोन काही सुटला नाही. एकदा रागानं हिसकावून घेतला, तर तो म्हणाला, “दादी, मग तुझ्या दुसऱ्या हातात काय आहे?”

माझ्या दुसऱ्या हातात माझा फोन होता.

हेच कोडं सांगली जिल्ह्यातल्या एका गावानं आपल्या परीनं सोडवायला घेतलं. कडेगाव तालुक्यातलं मोहित्यांचे वडगाव. वस्ती साधारण ३,००० ची, बहुतेक शेतकरी. करोनानंतर मुलांचं अभ्यासात लक्ष लागेना, अशी शिक्षकांची तक्रार होती. ऑगस्ट २०२२ मध्ये, स्वातंत्र्यदिनाच्या तोंडावर, सरपंच विजय मोहिते यांच्या पुढाकारानं गावानं ठरवलं, की संध्याकाळी ७ वाजता मंदिरावरचा भोंगा वाजला की घरोघरचे टीव्ही आणि मोबाइल बंद. दीड तासानं, साडेआठला पुन्हा सुरू.

पुरुषमंडळी आधी हसली. मग पंचायतीनं बायकांना बोलावलं. आपणच मालिका फार बघतो, हे त्यांनी मोकळेपणानं कबूल केलं आणि बेत मार्गी लागला. सुरुवातीला शिक्षक, आशा सेविका आणि पंचायतीचे कर्मचारी घरोघर फिरून आठवण करून देत.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या बांशी गावच्या ग्रामसभेनं १८ वर्षांखालच्या मुलांना मोबाइलबंदीचा ठराव केला. दोन्ही गावांची तळमळ एकच. पण बांशीचा नियम मुलांपुरता होता, वडगावचा भोंगा आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांसाठी वाजत होता. मला हा फरक मोठा वाटतो.

रमजानात आमच्या घरातली लहान मुलंही रोजा धरायचा हट्ट करतात. त्यांना कुणी धाक घातलेला नसतो. घरातलं कुणीच जेवत नाही, हे ती बघत असतात. सगळ्यांचा असला की उपवास सोपा जातो. एकट्याच्या वाट्याला आला, तर ती शिक्षा होते.

पूर्वी दिवसाचा शेवट निवेदक सांगायचे. आता तो आपल्यालाच सांगावा लागणार, आणि आधी स्वतःला. शहरात गावाचा भोंगा कुठून आणायचा? म्हणून आम्ही घरापुरतं ठरवलं. मगरिबच्या अजानपासून जेवण होईपर्यंत सगळ्यांचे फोन पिठाच्या रिकाम्या डब्यात. डब्याची राखण नातवाकडे.

पहिल्या आठवड्यात चोरून डबा उघडताना त्यानं तीनदा पकडलं. तिन्ही वेळा मीच सापडले.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)