मामांचा युफोनियम

बेळगावात आमचे मामा लग्नाच्या बँडात युफोनियम वाजवीत. वाद्य विलायती, बेसनचे; कुठल्याशा पलटणीतून मोडीत निघून तिघाचौघांच्या हातांतून त्यांच्याकडे आलेले. १९७९ च्या सुमारास त्याचा मूळ माउथपीस हरवला. बँडमालकाने नवा आणून दिला आणि मामांचे वरचे स्वर फाटू लागले. ‘म्हाताऱ्याचे ओठ गेले’ असा निकाल लागला. पुढच्या हंगामात मामांच्या हाती झांजा आल्या.

दोष ओठांचा नव्हता, हे मला पुष्कळ वर्षांनी कळले. त्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

क्रिमियन युद्धाच्या काळात, १८५४ साली, राणी व्हिक्टोरियाच्या वाढदिवशी स्कुतारीला ब्रिटिश पलटणींच्या बँडांनी एकत्र राष्ट्रगीत वाजवले. पण ज्याची त्याची पट्टी निराळी. त्या फजितीनंतर १८५७ साली नेलर हॉलची लष्करी संगीतशाळा निघाली. पुढे पट्टी एक झाली खरी, पण ती चढी होती. लष्कराने ती १९२० च्या दशकाच्या अखेरीस सोडली. इंग्लंडच्या नागरी ब्रास बँडांनी मात्र १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत धरून ठेवली. एवढ्या एकसूत्रीपणाच्या खटाटोपात माउथपीसच्या दांडीचे माप तेवढे एक झाले नाही! ट्रॉम्बोनसाठी लहान आणि मोठी दांडी, आणि बेसनच्या युफोनियमला त्या दोहोंच्या मधली. १९७४ च्या सुमारास बेसननेही मोठी दांडी स्वीकारली. जुनी वाद्ये आहेत तशीच राहिली.

लहान आणि मोठ्या दांडीत टोकाशी फरक जेमतेम दीड-पावणेदोन मिलिमीटरचा. पण दांडी निमुळती असते, साधारण वीसास एक या उताराने. म्हणजे जाडीत एक मिलिमीटर वाढला की दांडी वीस मिलिमीटर बाहेर राहते. मामांच्या जुन्या वाद्यात नवी मोठी दांडी नखभर आत जाई.

बाहेर राहिली तर बिघडले काय? लांबी वाढली म्हणून सूर उतरेल, एवढेच आपल्याला वाटते. पण युफोनियमची नळी सुमारे पावणेतीन मीटर. तिच्यात दीड सेंटिमीटरची भर पडली तर सूर फार तर श्रुतीच्या अर्ध्याने उतरेल, आणि तो स्लाइड आत सारून सावरता येतो. (चढ्या पट्टीची वाद्ये उतरवायला आमचे काही बँडवाले दांडीला सूत गुंडाळून माउथपीस बाहेर ठेवीत. तेवढ्यासाठी सात-आठ सेंटिमीटर लागतात. सुताने काय होणार?) खरी गोम निराळी. माउथपीसची वाटी आणि तळाचे बारीक भोक मिळून एक छोटे घुमणारे भांडे होते. वाटीवर तळहात आपटला की त्याचा स्वतःचा स्वर ‘पॉप्’ असा ऐकू येतो. अमेरिकन शास्त्रज्ञ आर्थर बेनाड यांनी १९७६ च्या आपल्या ग्रंथात या स्वराचे महत्त्व मांडले. दांडीपुढे पोकळी वाढली की तो स्वर उतरतो, आणि त्याची झळ खालच्या स्वरांपेक्षा वरच्यांना जास्त लागते. वादक मग ओठ आवळून ते उचलू पाहतो. रात्रभराच्या वरातीत ओठ थकणारच.

१९९६ साली मी उद्यमबागेतल्या एका लेथवर त्या माउथपीसची दांडी घासून घेतली, मिलिमीटरभरसुद्धा नव्हे. तोवर मामांचे पुढचे दात गेले होते, वाजवणे शक्यच नव्हते. त्यांनी माउथपीस वाद्यात बसवला, वाटीवर तळहात आपटला, कान देऊन ऐकले आणि म्हणाले, “हां, बसला बघ आता.”