सायकलीवरून एक फेरी : लाल देवळापासून नगर रस्त्यापर्यंत

सोलापुराहून येणारी गाडी पुणें स्टेशनांत थांबली कीं प्रवासी बहुधा रिक्षा शोधूं लागतो. ज्यानें त्याऐवजीं सायकल घेतली, त्याला एका सकाळींत या शहराच्या इतिहासाचें असें एक पान वाचतां येतें, कीं जें शनिवारवाडा-पर्वतीच्या वाटेवर सांपडत नाहीं. पुणें एके काळीं सायकलींचें शहर म्हणून ओळखलें जाई, आणि या फेरीला तें जुनें वाहनच योग्य; कारण येथील खुणा मोटारींतून दिसण्याइतक्या मोठ्या नाहींत, आणि पायीं हिंडावें तर अंतरें फार.

पहिला थांबा स्टेशनाशेजारचें ससून रुग्णालय. हें नांव रोज हजारों रुग्णांच्या तोंडीं असतें, पण तें एका बगदादी ज्यू कुटुंबाचें आडनांव आहे याची आठवण थोड्यांनाच असते. डेव्हिड ससून हा बगदादच्या दाऊद पाशाच्या जांचाला कंटाळून देशोधडीस लागला आणि इराणांतील बुशहरमार्गें १८३२ सालीं मुंबईस आला. कापूस आणि अफू यांच्या व्यापारांत त्यानें अपार द्रव्य मिळविलें व त्यांतलें पुष्कळसें धर्मादायाला लाविलें. दानाच्या गौरवांत अफूचा उल्लेख कोणी करीत नाहीं. तरी तो गाळण्याचें कारण नाहीं. रुग्णालय १८६७ सालीं उघडलें. येथेंच १२ जानेवारी १९२४ च्या रात्रीं कर्नल मॅडॉक यांनीं येरवड्याच्या कैदेंतील गांधीजींच्या आंत्रपुच्छावर शस्त्रक्रिया केली. मध्येंच वीज गेली आणि कंदिलाच्या उजेडांत ती पुरी करावी लागली.

तेथून लष्कर भागांत वळलें कीं मोलेदिना रस्त्यावर एक लाल मनोरा झाडांवर डोकें काढतो. विलायतेंतल्या एखाद्या गांवचें चर्च येथें उचलून आणलें असावें, असें प्रथम वाटतें. पण हें चर्च नव्हे. हें ओहेल डेव्हिड, ज्यूंचें प्रार्थनामंदिर. पुणेकर त्याला सरळ ‘लाल देऊळ’ म्हणतात, आणि परक्या धर्माच्या वास्तूला ‘देऊळ’ म्हणण्यांतला सहजपणा लक्षांत घेण्यासारखा आहे. १८६३ सालीं काम सुरू झालें, १८६७ सालीं संपलें. आराखडा हेन्री सेंट क्लेअर विल्किन्सचा, मनोरा सुमारें ९० फूट. तें पुरें झालेलें पाहणें ससूनच्या नशिबीं नव्हतें. तो १८६४ सालीं पुण्यांतच वारला आणि त्याची समाधि याच आवारांत आहे. ज्याला जन्मभूमींत राहतां आलें नाहीं, त्याला दख्खनच्या मातींत विसांवा मिळाला.

जवळच्या ईस्ट स्ट्रीटवर २४ जानेवारी १९४३ रोजीं कॅपिटॉल चित्रपटगृहांत बाँबचा स्फोट झाला. गोऱ्या सैनिकांची तेथें नेहमीं वर्दळ असे. युद्ध आणि ‘चले जाव’ यांचा सामना त्या रात्रीं प्रेक्षागृहांतच झाला. पुढें याच चित्रपटगृहाचें नांव ‘व्हिक्टरी’ झालें.

रास्ता पेठेंत सायकल आली कीं दुसरेच ज्यू भेटतात. येथील सुक्काथ शेलोमो हें १९२१ सालचें मंदिर बेने इस्राएलांचें. अलिबागेजवळ नवगावीं आपल्या पूर्वजांचें गलबत फुटलें, अशी त्यांची परंपरा. कोंकणांत ते तेलाचा धंदा करीत व शनिवारीं घाणा बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणूं लागले. प्रार्थना हिब्रूंत, पण भांडणतंटा आणि अंगाईगीत मराठींत. आडनांवें किहीमकर, पेणकर, रोहेकर. इंग्रजी अमदानींत पलटणी, रेल्वे व कचेऱ्या यांत त्यांनीं नोकऱ्या केल्या. बगदादी श्रीमंत या आपल्याच धर्मबंधूंना बरोबरीचें मानण्यास बराच काळ खळखळ करीत राहिले. १९४८ नंतर समाजांतील बहुतेक लोक इस्राएलला गेले.

यानंतर नदी ओलांडून येरवडा. सोलापूरकराचा पाय येथें पेडलवरून आपोआप खालीं येईल. मार्शल लॉच्या धामधुमीनंतर मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे व श्रीकिसन सारडा या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजीं याच तुरुंगांत फांशीं दिलें. पुढें नगर रस्त्यावर आगाखान महाल. ९ ऑगस्ट १९४२ पासून ६ मे १९४४ पर्यंत गांधीजी येथें स्थानबद्ध होते. महादेवभाई आणि कस्तुरबा येथेंच गेलीं.

महालापासून हा रस्ता पूर्वेस अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला जातो. सायकलस्वाराला तेवढें जाणें कठीण, पण कथेचा शेवटचा धागा तिकडेच आहे. सप्टेंबर १९३९ मध्यें युद्ध पुकारतांच सरकारनें हिंदुस्थानांतील जर्मन पुरुष पकडून नगरच्या छावणींत डांबले. त्यांत हिटलरच्या छळापासून पळून आलेले ज्यूही होते. पारपत्र जर्मन, म्हणून माणूस शत्रु! ज्यांनीं घरादाराचा होम होतांना पाहिला, त्यांच्या शेजारच्या खाटेवर नाझी पक्षाचा अनुयायी असे. सरकारनें चौकशी नेमली व पुष्कळांना सोडलें, तरी कित्येकांना पुढें सातारा व पुरंदर येथें देखरेखीखालीं दिवस काढावे लागले. पुरंदर तर पुण्याहून जवळच. १९४२ च्या ऑगस्टांत नगरच्या किल्ल्यांत काँग्रेसचे पुढारी आले, तेव्हां एकाच गांवाच्या नांवाला दोन निरनिराळ्या बंदिवासांची ओळख जडली.

त्याच पिढींतला वॉल्टर कॉफमन हा कार्ल्सबादचा ज्यू संगीतकार १९३४ सालीं मुंबईस आला होता. तो छावणींत गेला नाहीं, रेडिओंत गेला. आकाशवाणीचें प्रसारण सुरू होतांना जी धून वाजते, ती त्याचीच समजली जाते.