ठिबक कॉफी आणि उष्णतेचा बंदोबस्त

कॉफीची पूड पाण्यात घालून उकळावी, गाळ तळाशी बसू द्यावा आणि वरचे निवळ तेवढे पेल्यात ओतावे, ही तुर्की मुलखातून युरोपात आलेली रीत तेथे दीर्घकाळ रूढ होती. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी पॅरिस नगरीत पूड न उकळता तिच्यावर कढत पाणी सोडून ते खालच्या भांड्यात ठिबकू देणारे दुमजली पात्र प्रचारात आले, आणि त्याचे श्रेय परंपरेने तेथील आर्चबिशप द बेल्वा यांना दिले जाते. आज विजेवर चालणारे जे कॉफीयंत्र पाश्चात्त्य देशांत घरोघरी आढळते, त्याची वंशावळ या पात्रापाशी जाऊन पोचते. गाळ कसा अडवावा आणि उष्णता कशी राखावी, असे दोन प्रश्न त्या पात्राने पुढील पिढ्यांच्या हवाली केले. पैकी पहिल्याचा निकाल अल्प खर्चात लागला, दुसऱ्याने मात्र भल्याभल्यांची परीक्षा पाहिली.

या दुसऱ्या प्रश्नाचे मर्म प्रथम जाणले ते काउंट रम्फर्ड यांनी. म्यूनिकच्या तोफखान्यात तोफांना छिद्रे पाडताना निर्माण होणाऱ्या उष्णतेचा अभ्यास करून कीर्ती मिळवलेल्या या शास्त्रज्ञाने १८१२ मध्ये कॉफीवर एक स्वतंत्र निबंध लिहिला, आणि उकळल्याने कॉफीचा सुगंध वाफेबरोबर निघून जातो, तर पाणी निवल्यास पुडीतील सत्त्व पुरते उतरत नाही, हे ध्यानी घेऊन कॉफीच्या पात्राभोवती गरम पाण्याचे दुसरे आवरण ठेवण्याची तजवीज केली.

गाळाचा प्रश्न सुटण्यास आणखी जवळजवळ शंभर वर्षे लागली. ड्रेस्डेन येथील मेलिट्टा बेंट्झ या गृहिणीने पितळेच्या भांड्याच्या बुडाला खिळ्याने भोके पाडली, मुलाच्या शाळेच्या वहीतला टीपकागद कापून आत बसवला, त्यावर पूड घालून कढत पाणी ओतले, आणि खाली उतरलेली कॉफी स्वच्छ व कडवटपणा उणावलेली निघाली. १९०८ मध्ये बर्लिनच्या पेटंट कचेरीत या युक्तीची नोंद झाली, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस अवघ्या ७३ फेनिगांच्या भांडवलावर तिच्या नावाची पेढी सरकारदप्तरी रुजू झाली.

पाणी ओतण्याचे काम विजेकडे सोपवले ते जर्मनीतील गोटलोब विडमान यांच्या १९५४ च्या ‘विगोमाट’ यंत्राने. अशा यंत्राची रचना साधी असते : टाकीतले पाणी एकमार्गी झडपेतून हीटरच्या नळीत उतरते, तेथे त्याचा काही अंश वाफ होतो, ती वाफ उरलेल्या पाण्याला वर ढकलते आणि ते पुडीवर पडते. अमेरिकेत तयार कॉफीच पुनःपुन्हा पुडीवरून फिरवणाऱ्या पर्कोलेटरचा अंमल होता; तो उठवण्यास क्लीव्हलंडचे व्हिन्सेंट मरोट्टा आणि सॅम्युएल ग्लेझर यांनी १९७२ मध्ये बाजारात आणलेले ‘मिस्टर कॉफी’ हे यंत्र मुख्यत्वे कारणीभूत झाले.

सोय अशी घरात आली, परंतु रम्फर्डांचा प्रश्न तसाच राहिला. कारण स्वस्त यंत्रातील दुर्बळ हीटर पाणी पुरेसे तापण्यापूर्वीच वर धाडतो, आणि भांड्याखालची तापती तबकडी तयार झालेली कॉफी पुढे तासभर करपवीत राहते. अमेरिकेतील शास्त्रज्ञ अर्नेस्ट लॉकहार्ट यांनी १९५० नंतरच्या दशकात मोजमापे करून पुडीच्या वजनाचा १८ ते २२ टक्के अंशच पाण्यात उतरावा, अशी मर्यादा आखली. आणि पुढे नॉर्वेतील तपासणी-संस्थेने घरगुती यंत्रांना जी कसोटी लावली, तिच्यात पाण्याची उष्णता ९२ ते ९६ अंश सेल्सिअस ठरली. डच अभियंते गेरार्ड-क्लेमेंट स्मिट यांनी १९६८ मध्ये ‘मोक्कामास्टर’ यंत्र सिद्ध केले, आणि त्यातील तांब्याच्या हीटरमुळे या कसोटीला उतरणारे पाणी घरच्या ओट्यावर मिळू लागले.

म्हणून घरासाठी यंत्र निवडू पाहणाऱ्याने बटणांची संख्या आणि घड्याळाची शोभा यांत गुंतू नये. पाणी पहिल्या मिनिटातच ९२ अंशांवर पोचते काय, ते साऱ्या पुडीवर सारखे पसरते काय, एकंदर काम चार ते आठ मिनिटांत उरकते काय, आणि तयार कॉफी तबकडीऐवजी थर्मासच्या सुरईत राखण्याची सोय आहे काय, एवढ्या चार गोष्टींची पारख त्याने चोखपणे करावी. टीपकागदाचा लाभ आज अल्प मोलाच्या यंत्रातही मिळतो. अधिक किंमत मोजायची ती उष्णतेच्या बंदोबस्तासाठीच, आणि जेथे तो नाही तेथे उत्तम पूडही वाया जाते.