शांतता! संगणक चालू आहे

संगणकाचा इतिहास बहुधा वेगाचा इतिहास म्हणून सांगितला जातो. अमुक साली इतके ट्रान्झिस्टर, तमुक साली इतके मेगाहर्ट्झ, अशा चढत्या भाजणीने तो पुढे सरकतो. प्रस्तुत लेखात हाच इतिहास आम्ही कानाने ऐकून पाहणार आहोत. दिवाणखान्यात टीव्हीशेजारी ठेवता येईल इतका लहान, पाहणाऱ्याला जाणवणार नाही इतका शांत आणि मध्यमवर्गीयाच्या खिशाला झेपेल असा चित्रपट पाहण्याचा संगणक लोकांनी स्वतःच्या हातांनी कसा घडवला, याची ही हकिगत आहे.

मराठी शिकवणाऱ्यांनी या विषयाच्या वाटेला का जावे, असा प्रश्न वाचकांना पडेल. कारण साधे आहे. साहित्यकृतीचे माध्यमांतर शिकवताना आम्हांला वर्गात चित्रपट दाखवावे लागतात. माधवी घारपुरे यांच्या कथेवर आधारलेला, संदीप सावंत दिग्दर्शित ‘श्वास’ (२००४) आम्ही प्रथम दाखवला तो विभागातील जुन्या असेंबल केलेल्या संगणकावर. आजोबा आणि नातू यांच्यात जे घडते त्यातले बरेचसे न बोलता घडते. नेमक्या त्याच वेळी खोलीत दोन आवाज भरून राहिले होते, एसएमपीएसच्या पंख्याची घरघर आणि हार्ड डिस्कची कुरकुर. चित्रपट संपल्यावर मागच्या बाकावरील एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, मागे ते सारखे काय वाजत होते? पार्श्वसंगीत होते का?” शांततेचा आशय आम्ही शिकवत होतो आणि शांतता मात्र आमच्यापाशी नव्हती. या प्रश्नापासून आमचा शोध सुरू झाला.

वैयक्तिक संगणकाचा आरंभ गोंगाटाने झालेला नाही. १९७७ सालच्या ‘ॲपल-२’मध्ये पंखाच नव्हता. रॉड होल्ट यांनी त्यासाठी स्विचिंग पद्धतीचा वीजपुरवठा तयार केला. तो कमी तापे, त्यामुळे पंख्यावाचून भागले. स्टीव्ह जॉब्ज यांना पंख्याचा आवाज मुळीच खपत नसे. मात्र हाच आग्रह १९८०च्या ‘ॲपल-३’मध्ये अंगाशी आला. ते यंत्र तापल्याने बिघडते अशी त्याची अपकीर्ती झाली. १९८१चा आयबीएम पीसी आला तो वीजपुरवठ्यातील पंखा सोबत घेऊनच. १९९३मध्ये पेंटियम आल्यावर प्रोसेसरच्या डोक्यावर पंखा बसणे रूढ झाले आणि पुढे ग्राफिक कार्डावरही तो आला. २००४च्या फेब्रुवारीत आलेल्या ‘प्रेस्कॉट’ जातीच्या पेंटियम-४ने तर कहर केला. त्याच्या वरच्या प्रती शंभर वॅटच्या पुढे उष्णता टाकत. शंभर वॅटचा दिवा नखाएवढ्या जागेत जळतो आहे अशी कल्पना केली, म्हणजे त्यावरील पंखा का किंचाळत असे ते कळेल.

आवाजामागचे शास्त्र येथे थोडक्यात सांगितले पाहिजे, कारण पुढील सारी कारागिरी त्यावर उभी आहे. पंख्याचा ध्वनी त्याच्या फेऱ्यांच्या साधारण पाचव्या घाताने वाढतो. म्हणजे फेऱ्या निम्म्या केल्या तर आवाज सुमारे १५ डेसिबलने उतरतो. दहा डेसिबलची घट कानाला निम्म्यासारखी वाटते, हे ध्यानात घेतले तर हा लाभ किती मोठा आहे ते उमगेल. दुसरा नियम असा की, एकाच घडणीच्या पंख्यांत फेऱ्या तेवढ्याच ठेवल्यास हवा व्यासाच्या घनाच्या प्रमाणात ढकलली जाते. त्यामुळे १२० मिलिमीटरचा पंखा ८० मिलिमीटरच्या पंख्याइतकीच हवा एक-तृतीयांशाहूनही कमी फेऱ्यांत हलवतो. सारांश, शांततेसाठी पंखा मोठा आणि संथ हवा. पण मोठा पंखा लहान डब्यात मावत नाही. लहान, शांत आणि स्वस्त या तीन अटींपैकी कोणत्याही दोन सहज साधतात आणि तिसरी नडते. या प्रकारच्या संगणकाचा इतिहास म्हणजे या तीन अटींची ओढाताण होय.

संगणक टीव्हीशेजारी न्यावा असे वाटण्याचे कारण १९९९मध्ये अमेरिकेत घडले. ‘टिवो’ आणि ‘रीप्ले-टीव्ही’ ही यंत्रे त्या साली बाजारात आली. चालू कार्यक्रम हार्ड डिस्कवर मुद्रित करावा, मध्येच थांबवावा, सवडीने पाहावा, ही सोय त्यांनी दिली. मात्र यंत्राच्या पोटात काय ठेवायचे आणि किती दिवस, हे यंत्र विकणाराच ठरवणार होता. ज्यांना हे मान्य नव्हते त्यांनी स्वतःचे यंत्र बांधायला घेतले. २००२मध्ये ओहायोतील आयझॅक रिचर्ड्स या प्रोग्रॅमरने ‘मिथ-टीव्ही’ ही मुक्त प्रणाली लिहायला घेतली. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने विंडोज एक्सपीची ‘मीडिया सेंटर’ आवृत्ती काढली. कळफलकाऐवजी रिमोट आणि दोन फुटांऐवजी दहा फुटांवरून वाचता येतील अशी ठसठशीत अक्षरे, हे तिचे वैशिष्ट्य होते.

तिसरी वाट अधिक मनोरंजक आहे. मायक्रोसॉफ्टचेच ‘एक्सबॉक्स’ हे खेळयंत्र नोव्हेंबर २००१मध्ये विक्रीस आले होते. ७३३ मेगाहर्ट्झचा इंटेल प्रोसेसर आणि ६४ एमबी स्मृती असलेला तो वस्तुतः एक संगणकच होता. हौशी मंडळींनी त्याचे कुलूप उघडले आणि त्यावर चित्रपट चालवणारी प्रणाली लिहिली. तिचे नाव ‘एक्सबॉक्स मीडिया सेंटर’. पुढे ती लिनक्स, विंडोज, मॅक अशा सर्व घरांत नांदू लागली. मूळ यंत्र केव्हाच मागे पडले, तरी नाव टिकून होते. अखेर २०१४मध्ये तिचे नामांतर ‘कोडी’ असे झाले. जिच्या यंत्रावर ती जन्मली त्या कंपनीचे ‘मीडिया सेंटर’ विंडोज-१०बरोबर २०१५मध्ये संपले. पोटभाड्याने राहिलेले बिऱ्हाड टिकले आणि मालकाचे घर पडले, असा हा प्रकार आहे.

आज्ञावली मिळाल्या, पण डबा लहान आणि थंड कसा व्हावा? याचे उत्तर तैवानमधून आले. व्हाया या कंपनीने १९९९मध्ये सायरिक्स आणि सेंटॉर हे दोन अमेरिकी प्रोसेसर-उद्योग घेतले होते. वेगाच्या शर्यतीत इंटेलला गाठणे अशक्य आहे हे ओळखून तिने कमी विजेची वाट धरली. २००१च्या नोव्हेंबरात तिने ‘मिनी-आयटीएक्स’ हा मदरबोर्डचा आकार जाहीर केला. १७० मिलिमीटरचा चौरस, म्हणजे साधारण एका ताटलीएवढा. पुढच्या वर्षी आलेल्या ‘एपिया’ बोर्डांपैकी ५३३ मेगाहर्ट्झच्या बोर्डाला प्रोसेसरवर पंखा लागत नसे. लोकांनी हे बोर्ड जुन्या रेडिओंत, बिस्किटांच्या डब्यांत, खेळण्यांत बसवले. पण सामान्य कामात तो प्रोसेसर मंद होता. डीव्हीडीची एमपेग-२ चित्रे उलगडताना त्याची दमछाक होई. म्हणून व्हायाने पुढील ‘एपिया-एम’ बोर्डांवर हे काम चिपसेटमधील स्वतंत्र मंडलाकडे सोपवले. ही युक्ती पुढील सर्व यंत्रांना कित्त्यासारखी झाली. सगळी कामे एका मोठ्या मेंदूने घाम गाळून करण्यापेक्षा चित्र उलगडण्याचे एकच काम एका लहान, थंड मंडलाने करावे.

ज्यांच्याकडे असा बोर्ड नव्हता त्यांनी हातचलाखी केली. संगणकाच्या वीजपुरवठ्यात १२ आणि ५ व्होल्ट अशा दोन तारा असतात. पंखा या दोहोंच्या मध्ये जोडला की त्याला उरलेले ७ व्होल्ट मिळतात आणि तो संथ फिरतो. हार्ड डिस्क स्क्रूने घट्ट आवळली तर तिची थरथर सबंध पेटीला वाजवते. म्हणून ती नाडीच्या इलॅस्टिकने अधांतरी टांगायची. या दोन्ही युक्त्या आम्हीही केल्या. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावरून, आणलेला १२०चा पंखा, शिंप्याकडचे इलॅस्टिक आणि एका संध्याकाळची मेहनत, एवढ्यात घरघर बरीच उतरली. मात्र मे महिन्यात इलॅस्टिक सैल पडले आणि चालू डिस्क तळाशी आपटली. तीवर साठवलेल्या चाळीसएक चित्रपटांपैकी एकही हाती लागला नाही. दुसरी प्रत ठेवावी हे आम्हांला सुचलेच नव्हते. हस्तलिखितांच्या पाठभेदांवर व्याख्याने देणाऱ्यांना एकमेव प्रतीचा धोका कळू नये, याची लाज आम्हांला आजही वाटते.

मुख्य प्रवाहही पुढे वळला. प्रेस्कॉटच्या उष्णतेपुढे इंटेलने हात टेकले आणि लॅपटॉपसाठी हैफा येथे घडवलेल्या पेंटियम-एमच्या (२००३) वळणाने जाऊन २००६मध्ये ‘कोअर-२’ प्रोसेसर आणले. २००८मध्ये ‘ॲटम’ आला. तो थंड होता, पण एच-२६४ पद्धतीची मोठी चित्रे त्याला एकट्याला पेलत नसत. २००९मध्ये एनव्हिडियाच्या ‘आयन’ चिपसेटने ती उणीव भरून काढली. पुस्तकाच्या आकाराचा, टीव्हीच्या पाठीमागे टांगता येणारा संगणक आता विकत मिळू लागला. आणि २९ फेब्रुवारी २०१२ रोजी ब्रिटनमध्ये ३५ डॉलरचा ‘रास्पबेरी पाय’ आला. क्रेडिट कार्डाएवढा बोर्ड, पंखा नाही, फिरणारी डिस्क नाही, तरी पूर्ण उच्च-दर्जाचे चित्र. लहान, शांत, स्वस्त या तिन्ही अटी प्रथमच एकत्र नांदल्या.

इतिहासातील योगायोग पाहा. पुढच्याच वर्षी, जुलै २०१३मध्ये, गूगलने ‘क्रोमकास्ट’ आणला. आकाराने त्याहून लहान, तितकाच शांत आणि किंमतही तीच, ३५ डॉलर. फरक एकच होता. पायमध्ये आपला चित्रपट आपल्या कार्डावर राही, तर क्रोमकास्टमध्ये काहीच राहत नसे. जे दिसे ते दुसरीकडून येई. बहुसंख्य लोकांनी दुसरी वाट धरली आणि त्यांना दोष देता येत नाही. तारा जोडण्यात कुणाला रस असतो? जानेवारी २०१६मध्ये नेटफ्लिक्स भारतात आले. त्याच वर्षी मोबाइल डेटा स्वस्त झाला आणि विद्यार्थ्यांच्या हातातच चित्रपटगृह आले. खोलीतील पंख्याची घरघर संपली, कारण ती दूरच्या कुठल्या तरी सर्व्हर-गृहात गेली.

मग आमच्या त्या डब्याचे प्रयोजन काय उरले? आमच्या मते ते आज पूर्वीपेक्षा अधिक आहे. भारतीय स्वामित्वहक्क कायद्याच्या कलम ५२(१)(जे) नुसार शैक्षणिक संस्थेच्या कार्यात, केवळ विद्यार्थी, शिक्षक, पालक व संस्थेशी संबंधित व्यक्तींपुढे चित्रपट दाखवणे हा स्वामित्वहक्काचा भंग ठरत नाही. कायद्याने दिलेली ही मोकळीक चित्रपटाची प्रत हाती असली तरच उपयोगी पडते. सदस्यत्वाने मिळणारा चित्रपट करारात बांधलेला असतो. तो बहुधा घरगुती पाहण्यापुरता असतो आणि हक्काची मुदत संपली की निमूट नाहीसा होतो. जूनमध्ये आखलेल्या अभ्यासक्रमातील चित्रपट जानेवारीत सापडेनासा झाल्याचा अनुभव आमच्या परिचयाच्या अनेक प्राध्यापकांना आहे. ग्रंथालयातील पुस्तक असे रात्रीतून उठून जात नाही.

मराठी चित्रपटांपुरते पाहिले तर प्रश्न अधिक गंभीर आहे. दोन हजारच्या दशकात आपल्याकडे बरेच जुने चित्रपट व्हीसीडीवर मिळत. चित्र ३५२ गुणिले २८८ ठिपक्यांचे, धूसर. एका तबकडीत जेमतेम सव्वा तास मावे, त्यामुळे मध्यंतर दिग्दर्शकाने नव्हे तर तबकडीने ठरवलेले असे. तरी काही चित्रपटांची आमच्याकडील प्रत आजही तीच आहे. त्या तबकड्यांचा थर आता जागोजागी झिरपू लागला आहे. शिवाय आपल्या भाषेची वेगळी अडचण होती. या प्रणाल्यांत देवनागरी नावे घातली की कित्येक वर्षे जोडाक्षरे फुटत आणि पहिली वेलांटी अक्षराच्या पुढे उभी राहण्याऐवजी मागे पडे. ‘पिंजरा’ हे नाव पडद्यावर आले की वर्गात हशा पिके. म्हणून आम्ही यादी रोमन लिपीत केली. हा पराभव आहे हे तेव्हाही जाणवत होते.

सध्या आमच्या विभागात कुठल्याशा कार्यालयातून बाद झालेला, वहीएवढ्या आकाराचा जुना संगणक आहे. त्यात फिरणाऱ्या डिस्कऐवजी एसएसडी आहे, पंखा एकच आणि तोही क्वचित ऐकू येणारा. त्यावर कोडी चालते. विकत घेतलेल्या तबकड्यांवरून साठवलेल्या चित्रपटांची एक प्रत त्यात, दुसरी कपाटात आणि तिसरी एका सहकाऱ्याच्या घरी असते. देवनागरीतील यादी करण्याचे काम द्वितीय वर्षाच्या विद्यार्थ्यांनी अंगावर घेतले आहे. मागील सत्रात ‘श्वास’ पुन्हा दाखवला. शेवटाकडे खोलीत कोणी तरी नाक ओढल्याचा आवाज आला, तो सर्वांना ऐकू गेला.