नळी कोरडी हवी

लष्कराच्या ईएमई कोअरमध्ये आर्मोरर, म्हणजे शस्त्रं दुरुस्त करणारा, म्हणून माझी सगळी नोकरी रायफलच्या नळीत डोळा घालण्यात गेली. निवृत्त होऊन कोपरगावला आल्यावर लोक रणगाड्यांबद्दल विचारतात, मिसाइलबद्दल विचारतात. गोळीला काय लावायचं आणि नळी कशी पुसायची, हे कुणी विचारत नाही. या एवढ्याशा गोष्टीने एकदा कंपनी सरकारचं सिंहासन हललं होतं, आणि गोळीवर काय चढवावं हा वाद नेमबाजांमध्ये आजही चालू आहे.

कोपरगावात राघोबादादांचा वाडा आहे. त्यांचे अखेरचे दिवस इथेच गेले, 1783 मध्ये ते इथेच वारले. त्यांच्या काळच्या तोड्याच्या बंदुकांमध्ये गोळीला वंगण लावायची फारशी गरज नसे. नळी आतून गुळगुळीत आणि गोळी नळीपेक्षा बारीक. इंग्रजांची ‘ब्राउन बेस’ही त्याच जातीची. नळी पाऊण इंची, गोळी तिच्याहून बरीच लहान. आत राख धरली तरी गोळी घरंगळत तळाशी जायची. नेम मात्र शंभर पावलांपुढे देवाच्या हवाली.

राख किती धरते ते मी लहानपणी आजोबांच्या ठासणीच्या बंदुकीत पाहिलं आहे. आधी दारू, मग चिंधी, मग छर्रे, गजाने ठासायचं आणि वर टोपी चढवायची. चार-पाच बार झाले की गज खाली जाताना करकरायला लागायचा. काळ्या दारूचा वजनाने निम्म्याहून जास्त भाग वायू होतच नाही. त्यातला काही धुराबरोबर बाहेर पडतो, उरलेला घट्ट खरपुडीसारखा नळीला चिकटतो. आजोबा संध्याकाळी नळीत कढत पाणी ओतायचे. पहिलं पाणी काळंकुट्ट निघायचं, सडक्या अंड्याच्या वासाचं. मग दुसरं, तिसरं, स्वच्छ येईपर्यंत. शेवटी कोरडी चिंधी आणि तेलाचा हात.

नळीत आतून पिळाचे आटे आले आणि सगळं बदललं. 1853 च्या एन्फिल्ड रायफलची नळी .577 इंचाची होती आणि गोळी .568 इंचाची, तीही कागदात गुंडाळून आत जायची. मोकळी जागा उरलीच नाही. राख मऊ राहावी आणि दहा-वीस बार सलग निघावेत म्हणून काडतुसाच्या गोळीकडच्या टोकाला चरबी आणि मेण लावायचं ठरलं. शिपायाने दारूकडचं टोक दाताने तोडायचं, दारू नळीत ओतायची, काडतूस उलटं करून गोळी आत सारायची, उरलेला कागद फाडून टाकायचा आणि गजाने ठासायचं. यंत्रशास्त्राच्या नजरेने त्या लेपात काही चूक नव्हती. चरबी कुठली, हे विचारायचं तेवढं राहून गेलं.

राहून गेलं असंही म्हणवत नाही. 1853 मध्येच अशी काडतुसं हवामानाच्या चाचणीसाठी हिंदुस्थानात आली होती. तेव्हा बंगाल लष्कराचे अ‍ॅड्जुटंट जनरल कर्नल टकर यांनी लेखी बजावलं होतं की, या वंगणाने जातधर्म बाटत नाही याची खात्री होईपर्यंत ती देशी पलटणींना देऊ नयेत. पत्र दफ्तरात पडून राहिलं. पुढे चरबीचा पुरवठा ठेकेदारावर सोपवला आणि ती कोणत्या जनावराची असावी याची अट कुणी घातली नाही. या पत्राचा विचार आला की मला अजून संताप येतो. नळी साफ करणाऱ्या आणि काडतूस तोंडात धरणाऱ्या माणसाला एका शब्दाने विचारलं असतं तर तेल आणि मेण कुठे महाग होतं? 27 जानेवारी 1857 ला हुकूम निघाला की शिपायांनी हवं ते वंगण स्वतः लावावं. तोवर विश्वास उडाला होता. मीरतच्या ज्या 85 स्वारांनी एप्रिलमध्ये काडतुसं नाकारली, त्यांच्यासमोर ठेवलेली काडतुसं तर जुनीच, बिनचरबीची होती.

आमच्या भागात मात्र सत्तावन्नच्या उठावाचं सगळं बिल या काडतुसांच्या नावावर फाडू नये. तात्या टोपे शेजारच्या येवल्याचे, पण त्यांचं रण उत्तरेत. इकडे उठले ते भिल्ल, आणि भागोजी नाईक हे नगरच्या पोलिसांत अंमलदार राहिलेले. दंग्याच्या आरोपाखाली शिक्षा झाली, सुटल्यावर चांगल्या वर्तणुकीचा जामीन मागितला गेला, आणि त्यांनी डोंगर धरला. ऑक्टोबर 1857 मध्ये नांदूर शिंगोट्याजवळ त्यांच्याशी झालेल्या चकमकीत पोलीस अधिकारी लेफ्टनंट हेन्री मारला गेला. नोव्हेंबर 1859 मध्ये सिन्नर तालुक्यातल्या मिठसागऱ्याला भागोजी स्वतः पडले. हे दुखणं अपमानाचं होतं. शाळेत त्यांनाही एका ओळीत चरबीच्या काडतुसांखाली बसवतात, ते मला पटत नाही.

पुढच्या रायफलींनी वंगण शिपायाच्या ओठांपासून दूर नेलं. 1866 नंतरच्या स्नायडरमध्ये काडतूस मागून भरायचं, गोळीच्या खाचांमध्ये मेण बसवलेलं असायचं. मार्टिनी-हेन्रीत गोळीमागे मेणाची चकती असे. खडकीचा दारूगोळा कारखाना याच काळातला, 1869 चा. पुढे .303 आली, शिशावर तांबं-निकेलचा पत्रा चढला, काळ्या दारूच्या जागी कॉर्डाइट आलं. खडकीच्या कित्येक .303 काडतुसांच्या बुडावर ‘के. एफ.’ असा ठसा असायचा. तो बोटाला लागला की महाराष्ट्राचा माल हातात आहे, हे आम्हाला परप्रांतातही कळायचं.

खरपुडी गेली, पण दोन नवे शत्रू आले. टोपीतल्या क्लोरेटमुळे नळीत क्षार उरायचा. तो हवेतली ओल शोषतो आणि पोलाद खातो. तेल त्याला विरघळवत नाही, पाणीच लागतं. म्हणून .303 च्या फायरिंगनंतर नरसाळं लावून नळीत उकळतं पाणी ओतायची पद्धत होती. पाण्याने नळी इतकी तापायची की ओल आपोआप उडायची. मग पुलथ्रूच्या दोरीने चिंधी ओढायची, पहिली करडी, दुसरी पिवळट, शेवटची पांढरी. दुसरा शत्रू पत्र्याचा. निकेलचे कण आट्यांवर चिकटून बसायचे आणि चिंधीला दाद द्यायचे नाहीत. अमेरिकेत नेमबाज गोळ्या ग्रीसमध्ये बुडवू लागले. ते धोक्याचं होतं. बार होताना काडतुसाचं पितळ फुगून चेंबरच्या भिंतीला घट्ट धरतं. तिथे ग्रीस असलं तर पकड सुटते आणि सगळा धक्का बोल्टावर येतो. शिवाय ग्रीसला धूळ बसते. फायरिंगआधी नळी आणि चेंबर कोरडं करा, असं आम्ही घसा ताणून सांगायचो ते यासाठी.

कोरडं वंगण ही कल्पना या अडचणीतून आली. कॅरमवर पावडर टाकली की सोंगटी कशी पळते! मॉलिब्डेनम डायसल्फाइडचंही तत्त्व तेच. थरांवर थर, आणि ते एकमेकांवरून घसरतात. 1990 च्या दशकात पोलादी छर्ऱ्यांबरोबर गोळ्या आणि ही पूड पिंपात तासन्‌तास फिरवून वर कार्नोबा मेणाचा हात देण्याची रीत पसरली. गोळ्या काळ्याशार निघतात. स्वीडनच्या नॉर्मासारख्या कंपन्यांनी तसा माल विकलाही. घर्षण कमी म्हणून दाबही कमी आणि वेगही थोडा कमी. तो भरून काढायला दारू वाढवावी लागते. काहींनी टंगस्टन डायसल्फाइड घेतलं, काहींनी पांढरं बोरॉन नायट्राइड. पण मॉलीचा थर पोलादाला चिकटून बसतो आणि दमट हवेत त्याखाली गंज धरल्याच्या तक्रारी येऊ लागल्या, तसे बरेच नेमबाज मागे फिरले. आपल्याकडच्या पावसाळ्यात मीही तो लेप चढवणार नाही. फौजांनी बहुधा दुसरी वाट धरली: गोळी आहे तशी ठेवून नळीलाच आतून कडक क्रोमचा मुलामा, कलाश्निकोव्हसारखा.

मेण मात्र सुटलेलं नाही. तेजस्विनी सावंत 2010 मध्ये म्युनिकला जगज्जेती झाली, स्वप्निल कुसाळेने 2024 च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कांस्य घेतलं, दोघंही 50 मीटर रायफलचे. त्या .22 च्या शिशाच्या गोळीवर आजही मेणचट लेप असतो. काडतुसाचा ब्रँड बदलला की नव्या लेपाचा थर नळीत बसेपर्यंत बरेच राउंड झाडावे लागतात, आणि तोवरच्या नेमावर कुणी भरवसा ठेवत नाही.